माळ्यावर जुना पीएसथ्री सापडला, लिनक्स टाकू का?

कोपरीकर:
घर रंगवायला काढलंय म्हणून माळा उपसला तर कॉलेजातला पीएसथ्री निघाला, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ३, तो जाडा वाला, ६० जीबी. बायको म्हणते भंगारात घाल, पण लावला तर चालू झाला की, पंखा फक्त पिठाच्या गिरणीसारखा वाजतोय. यावर तेव्हा लिनक्स (विंडोजसारखी पण फुकटची सिस्टीम) चालायचं असं आठवतंय, म्हटलं बाबांना यूट्यूबवर भजनं लावायला कॉम्प्युटर होईल. जमेल का? अपडेट करावं म्हणतोय पण घरचं वायफायच धरत नाहीये.

नेरूळ_सेक्टर६:
भाऊ थांब, अपडेटला हात लावू नकोस!! आधी सेटिंग्जमध्ये व्हर्जन बघ. ३.१५ किंवा खालचं असेल तर लॉटरी. अदर ओएस ही दुसरी सिस्टीम (लिनक्स वगैरे) टाकायची सोय सोनीनेच दिलेली आणि १ एप्रिल २०१० ला ३.२१ च्या अपडेटने काढून घेतली, तारीख बघ काय निवडली, अमेरिकेत लोक कोर्टात गेले त्यावरून. वायफायचं म्हणशील तर याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, राउटर ५ वर असणार. पथ्यावरच पडलं तुझ्या.
यूट्यूब मात्र विसर. रॅम २५६ एमबी, वर हायपरव्हायझर (सोनीचा आतला पहारेकरी प्रोग्राम) लिनक्सला ग्राफिक्स चिप वापरू देत नाही, सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढणार. व्हिडिओ मेमरी स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली की जादा जागा म्हणून, लावता येते, थोडा श्वास मिळतो एवढंच. त्यात प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, नेहमीच्या पीसीपेक्षा वेगळा, डेबियनने (लिनक्सचाच एक प्रकार) पण आवृत्ती ८ नंतर त्याच्यासाठीचं ३२ बिटवालं अधिकृत पोर्ट सोडलं.

घोडबंदरचा_प्रवासी:
भजनासाठी दीड-दोनशे वॉट जाळणार? लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आण, बाबा पण खूश आणि मीटर पण. बाकी अमेरिकन हवाई दलाने असेच डबे जोडून सुपरकॉम्प्युटर केलेला ना?

नेरूळ_सेक्टर६:
हो, २०१० चा कॉन्डर, १,७६० पीएसथ्री. पण त्यांना सेलची (पीएसथ्रीच्या प्रोसेसरची) आकडेमोड हवी होती, अभंग नाही 😄

कोपरीकर:
३.१५ आहे!!! बाबांना पायच आणतो, हा माझ्यासाठी. पण लिनक्ससाठी वेगळं पार्टिशन करायला डिस्क फॉरमॅट करावी लागते म्हणे, त्यात धाकट्या भावाचे गेमचे सगळे सेव्ह आहेत, तो आता पुण्याला असतो, मारेल मला.

नेरूळ_सेक्टर६:
मग ती डिस्क काढून ठेव ना. लॅपटॉपची अडीच इंची साटा बसते, जुनी कुठली पडली असेल ती घाल. भाऊ दिवाळीला आला की परत त्याची लाव.