हजारापेक्षा कमी वस्तीची आयोवातील शेतीची गावे आपला कारभार कसा चालवतात?

प्रश्न
अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, विशेषतः आयोवा राज्यात, हजार माणसांचीही वस्ती नसलेल्या अनेक गावांना स्वतःचा महापौर, नगरपरिषद आणि अग्निशमन दल असते. शेते मोठी झाली, यंत्रे आली, शेतकरी कुटुंबे घटली. तरीही ही गावे कशाच्या आधारावर टिकून आहेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
लोकसंख्येपेक्षा, भोवतालच्या किती शेतांची कामे त्या गावात होतात, हे पाहायला हवे. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सरकारी जमिनीची मोजणी सहा मैल लांबी-रुंदीच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे जमिनीच्या चौरस विभागांत, करण्याची पद्धत घातली. प्रत्येकीचे ३६ तुकडे पाडून सोळावा तुकडा शाळेसाठी राखला जाई. वसाहतकरी येण्याआधीच शाळेची तजवीज झालेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे रेल्वेच्या स्थानकांभोवती गावे उभी राहिली. आज धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे शेतकऱ्यांचे धान्य विकत घेऊन साठवणारे उंच कोठार, हा गावाचा कणा असून अनेक ठिकाणी तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा असतो. ऑक्टोबरमध्ये मक्याने भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला की, लांब नळी खुपसून नमुना काढतात, ओलावा तपासतात आणि तो साधारण १५ टक्क्यांहून अधिक निघाला तर वाळवणीचा खर्च शेतकऱ्याच्या हिशेबातून वजा होतो.

उत्तर २
अग्निशमन दलाबद्दल थोडे लिहितो. अशा गावांतील जवान बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यांचे काम आगीपुरते नसते. कणगीत शिरलेला माणूस धान्यात रुतला, तर त्याला दोराने ओढून काढता येत नाही, कारण धान्याची पकड फार घट्ट असते. त्याच्याभोवती पत्रे उभे करून आतले धान्य उपसावे लागते. शहरातले दल पोहोचेपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून हे कौशल्य गावातच असावे लागते.

उत्तर ३
एलेव्हेटरचे महत्त्व मान्य करूनही मी शाळेला अधिक वजन देईन. १९८० च्या दशकात चढे व्याजदर आणि घसरलेले जमिनीचे भाव यांमुळे असंख्य कुटुंबे कर्जात बुडाली, मुले घटली आणि शेजारच्या गावांशी शाळांचे विलीनीकरण झाले. एलेव्हेटर शेतकऱ्याला गावात आणतो, पण तरुण कुटुंबाला तिथे घर करायला लावते ती शाळा. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार-निवडीत १९७२ पासून आयोवाच्या कॉकसना, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांना, जे महत्त्व आले, त्या सभाही अनेकदा शाळेच्या व्यायामशाळेतच भरत. २०२० पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचे समर्थक तिथे गट करून उभे राहत आणि शेजाऱ्यांसमोर आपली पसंती उघड करीत. शाळा गेली की सार्वजनिक कामात पुढे येणारे पालकही पांगतात. विषम वर्षांतील नोव्हेंबरमध्ये नगरपरिषदेची निवडणूक होते, तेव्हा काही गावांत एखाद्या जागेसाठी मतपत्रिकेवर एकही उमेदवार नसतो आणि मतदारांनी हाताने लिहिलेल्या नावांतून नगरसेवक ठरतो.