मदत हवी आहे: लाइट जाऊन आली की व्हीएमचा (आभासी मशीनचा) स्टोरेज पूल रिकाम्या फोल्डरवर सुरू होतो

नमस्कार मंडळी,

मी लिनक्सचा एक छोटा क्लास चालवतो. एकाच मशीनवर डेबियन १२ (लिनक्स), केव्हीएम (व्हीएम चालवणारं) आणि लिबव्हर्ट (त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. सिस्टीम २५६ जीबीच्या एसएसडीवर, शिवाय २ टीबीची एक हार्ड डिस्क. मुलांच्या १२ व्हीएम आहेत: एक मूळ इमेज (तयार डिस्कची फाइल) आणि तिच्यावर प्रत्येकाची वेगळी क्यूकाऊ२ फाइल, जिच्यात फक्त त्याचे बदल साठतात. बॅच संपली की वरची फाइल उडवायची, नवी करायची.

आधी सगळं लिबव्हर्टच्या डिफॉल्ट पूलमध्ये (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेत), म्हणजे एसएसडीवरच होतं. एके दिवशी ऐन तासाला सगळ्या व्हीएम पॉझ झाल्या. एसएसडी भरली होती. जागा मोकळी करून रिझ्यूम केल्यावर एकाही मुलाचं काम गेलं नाही, एवढं बरं.

मग हार्ड डिस्कवर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम करून, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि नोफेल (डिस्क नसली तरी मशीन अडू नये) लिहून ती /एमएनटी/व्हीएम या फोल्डरवर माउंट केली, म्हणजे जोडली. पूल आधी पूल-क्रिएट-अ‍ॅजने केला, तो रीबूटनंतर यादीतून गायब. मग पूल-डिफाइन-अ‍ॅजने डिर (साधा फोल्डर) प्रकारचा केला, ऑटोस्टार्ट लावला. मूळ इमेजची जागा बदलल्यामुळे बाराही फाइलींना क्यूईएमयू-आयएमजी रीबेस करावं (मूळ इमेजचा नवा पत्ता द्यावा) लागलं.

आता खरी अडचण. गेल्या आठवड्यात लाइट गेली आणि आल्यावर हार्ड डिस्क माउंटच झाली नाही. नोफेल असल्याने मशीन नेहमीसारखं सुरू झालं. पूल 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतोय, आत मात्र एकही फाइल नाही! पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा, म्हणून घाईत नवा व्हॉल्यूम (व्हीएमची डिस्क फाइल) करून काम भागवलं. केबल नीट बसवून रीबूट केल्यावर जुन्या फाइली परत आल्या, पण नवी दिसेना. डीएफ (डिस्कची एकूण वापरलेली जागा सांगणारी कमांड) म्हणतं एसएसडीवर ३० जीबी जास्त वापरलेत, डीयूला (फाइली मोजणाऱ्या कमांडला) ते सापडत नाहीत.

डिस्क नसेल तर पूल सुरूच होऊ नये, असं कसं करायचं? एलव्हीएमकडे (डिस्कचे थेट भाग पाडून देणाऱ्या सोयीकडे) वळू का? तिथले व्हॉल्यूम रॉ (क्यूकाऊ२सारखा थर नसलेले) असतात, म्हणजे माझी मूळ इमेजची सोय जाईल, म्हणून मन होत नाही.

प्रतिसाद

एलव्हीएमची गरज नाही. डिर पूल फक्त फोल्डर आहे का ते बघतो, त्यावर डिस्क चढली आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुम्हाला एफएस (फाइलसिस्टीम) प्रकारचा पूल हवा. त्यात सोर्स म्हणून डिस्कचा यूयूआयडीचा पाथ द्यायचा, माउंट लिबव्हर्ट स्वतः करतं. डिस्क नसेल तर माउंट फसतं आणि पूल बंदच राहतो.

जुना पूल आधी पूल-डिस्ट्रॉय, मग पूल-अनडिफाइन करा. डिस्ट्रॉय नावाला घाबरू नका, तो पूल फक्त बंद करतो. पूल-डिलीटच्या वाटेला मात्र जाऊ नका. एफएसटॅबमधली ओळ काढा. नव्या पूलचं टार्गेट तेच /एमएनटी/व्हीएम ठेवा, म्हणजे व्हीएमच्या एक्सएमएलला (सेटिंगच्या फाइलला) हात लावावा लागणार नाही. आणि कळकळीने सांगतो, पूल-बिल्डला (पूलची जागा तयार करणाऱ्या कमांडला) ओव्हरराइट देऊ नका, डिस्क फॉरमॅट होईल.

हरवलेली फाइल माउंटच्या खाली झाकली गेली आहे. रूट फाइलसिस्टीम (एसएसडीवरची मुख्य) दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट करून (तिथेही दिसेल अशी जोडून) बघा, तिथे एमएनटीमध्ये सापडेल. ती हलवल्यावर, डिस्क माउंट नसताना, त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर +आय लावा. मग रूट युजरलाही चुकून तिथे लिहिता येणार नाही.

धागाकर्ता

फाइल सापडली! त्यात एका मुलीची परीक्षेची पूर्ण उत्तरं होती. आज मशीन बंद करून मुद्दाम हार्ड डिस्कची केबल काढली आणि चालू केलं. पूल 'इनअ‍ॅक्टिव्ह', माउंटची एरर लॉगमध्ये. केबल लावून परत सुरू केल्यावर बाराही व्हीएम चालू. मनापासून आभार.