कोल्हापूर परिसरातील पक्षी खरोखरच कमी झाले आहेत का? जुन्या डायरीवरून काय ठरवता येईल?

प्रश्न: कळंब्याकाठचा शिक्षक

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून कळंबा तलावापासून जवळच राहतो आणि १९९४ पासून पक्ष्यांची डायरी लिहितो. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या घरामागे मोकळा माळ होता. तिथे हिवाळ्यात नीलपंख हमखास दिसे, चंडोल आणि तित्तर तर रोजचेच होते. आता त्या माळाच्या निम्म्या भागावर घरे झाली आहेत आणि उरलेल्या भागात पाणी आल्यापासून ऊस आहे. गेल्या चार हिवाळ्यांत नीलपंख मला दोनदाच दिसला. उलट मोर, जो पूर्वी मुद्दाम डोंगराकडे गेल्याशिवाय दिसत नसे, तो आता पहाटे उसाच्या कडेला ओरडत असतो. ही हवामानबदलाची लक्षणे समजायची की आपल्याच हातून घडलेली हानी? आणि माझ्या डायरीचा अशा कामी काही उपयोग आहे का?

उत्तर १: पक्षीनोंद

सर, डायरीचा उपयोग निश्चित आहे, पण ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही हे आधी पाहावे लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ प्रजातींचा विचार केला गेला आणि तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करण्याच्या संकेतस्थळावर) केलेल्या नोंदींवर आधारलेला आहे. त्यात पक्ष्यांची एकूण संख्या मोजलेली नसून, दर शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आढळतो आणि ते प्रमाण काळाबरोबर कसे बदलते, हे तपासले आहे. दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती ३३८ प्रजातींची मिळाली आणि त्यांपैकी साधारण ६० टक्के प्रजातींत घट दिसली. घटीच्या यादीत आपला नीलपंखही आहे, त्यामुळे आपले निरीक्षण एकाकी नाही.

मात्र या पद्धतीचा पाया असा आहे की यादी पूर्ण असावी लागते, म्हणजे दिसलेला व ऐकू आलेला प्रत्येक ओळखीचा पक्षी त्यात असावा, कावळा आणि साळुंकीसुद्धा. आपल्यापैकी बहुतेकांच्या जुन्या डायऱ्यांत विशेष पक्षीच नोंदलेले असतात. ज्या दिवशी नीलपंख लिहिलेला नाही, त्या दिवशी तो दिसला नाही की आपण माळावर गेलोच नाही, हे तीस वर्षांनी सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवतो: वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे वटवट्यांसारखे पक्षी यादीतून गळाले तर तो दोष पक्ष्यांच्या संख्येचा असेलच असे नाही. माझ्या वडिलांच्या नोंदी तपासताना हे माझ्या लक्षात आले.

कारणांबद्दलही घाई करू नये. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली, तेव्हा रोगापासून अन्नटंचाईपर्यंत अनेक तर्क केले गेले. शेवटी जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. ते औषध घेतलेल्या जनावराचे मांस खाल्ल्यावर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. कारण नेमके कळले म्हणूनच २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणता आली, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही. नुसते ‘हवामान बदलले’ म्हणत राहिलो असतो तर काहीच करता आले नसते.

उत्तर २: शिरोळचा ऊस उत्पादक

सर, माळ जाऊन ऊस आला हे आमच्याच हातचे काम आहे आणि ते मी मान्य करतो. मोराला ऊस मानवतो, कारण लपायला जागा व खायला दाणा-किडे मिळतात. नीलपंखाला मात्र खालचे किडे दिसतील अशी मोकळी जमीन आणि टेहळणीला वाळका खांब किंवा फांदी लागते. तरीही उसाच्या शेतात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. तोडणी झाल्यावर पाचट पेटवले की तित्तर आणि लाव्यांची जमिनीवरची घरटी, अंडी, पिल्ले सगळे एका तासात संपते. मी सहा वर्षांपासून पाचट न जाळता सरीत दाबतो आणि त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकून खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, घेतो. पाणी कमी लागते आणि जमिनीत गांडुळे दिसू लागली आहेत. कीटकनाशकांबाबत एवढेच सांगतो की चिमणी आणि सुगरण दाणे खात असल्या तरी पिल्लांना किडेच भरवतात. किडेच उरले नाहीत तर नुसता दाणा असून भागत नाही.

पुराचा मुद्दा वेगळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे काठावरच्या बाभळींवरची सुगरणीची घरटी पाण्याखाली गेली, कारण त्यांची वीण पावसाळ्यातच असते. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. एका पुरावरून कल काढू नये, असे माझे मत आहे.

उत्तर ३: भोगावतीकाठ

वरील चर्चेत राधानगरीचे जंगल आले नाही, म्हणून लिहितो. तेथील मलबारी राखाडी धनेश २०२० पासून धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत असुरक्षित गणला जातो. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो, म्हणून जुनी, ढोली असलेली झाडे व उंबर-नांद्रुकासारखी फळझाडे एकत्र असल्याशिवाय त्याची वीण होत नाही. अशा ठिकाणी मोठे झाड वाचवणे हेच संवर्धन आहे. माळावर मात्र नेमके उलट आहे. मोकळ्या माळाला ‘पडीक’ म्हणून त्यावर गिरीपुष्प किंवा निलगिरी लावली की चंडोल निघून जातो, आणि तरीही कागदावर हिरवाई वाढलेली दिसते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. काल १९९४ ते १९९९ च्या वह्या पुन्हा वाचल्या. चिमणीची नोंद एकदाही केलेली नाही. ती रोज अंगणात असे, म्हणून लिहावीशी वाटली नसावी. नीलपंखाच्या नोंदींत तारीख आणि जागा असल्याने त्या ईबर्डवर जुन्या नोंदी म्हणून, अपूर्ण यादी असे स्पष्ट लिहून चढवणार आहे. उरलेल्या माळाच्या तुकड्यावर आणि तलावाच्या काठावर दर रविवारी सकाळी पंधरा मिनिटांची पूर्ण यादी करायला सुरुवात केली असून, आवाज ओळखण्यासाठी नातीला सोबत नेतो. पहिल्या रविवारी तिने माझ्या कानावर न आलेले दोन पक्षी सांगितले. त्याच माळावर पावसाळ्यात रोपे लावण्यासाठी खड्डे खणण्याचे घाटत आहे, म्हणून टिटवीची घरटी कुठे आहेत याचा नकाशा काढून जूनच्या आत ग्रामपंचायतीत द्यायचा विचार आहे. त्या अर्जात काय लिहावे याविषयी कोणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

उत्तर ४: पक्षीनोंद

सर, अर्जात झाडांना विरोध असल्याचे लिहू नका. रोपे गावठाणाच्या कडेला, ओढ्याकाठी आणि रस्त्यालगत लावावीत व माळ गवतासाठी राखावा, अशी पर्यायी जागा सुचवा. मेंढपाळांची सही घ्या, कारण ते गवत त्यांनाही हवे आहे. टिटवी मार्चपासून घालत असलेली अंडी दगडांत मिसळून जातात, म्हणून नकाशा काढताना नातीला पुढे चालू द्या, आणि घरट्याजवळ दोन मिनिटांहून अधिक थांबू नका. उन्हात अंडी उघडी राहिली तर ती वाचत नाहीत.