डॅलसच्या उत्तरेकडच्या तलावांवर काठावरून बास: कुठे, कधी, कशावर?

फ्रिस्कोकर
मंडळी, सल्ला हवाय. फ्रिस्कोत राहतो. बोट नाही आणि घ्यायचीही नाही. रे रॉबर्ट्स, लुइसव्हिल आणि घराजवळची शहराची छोटी तळी, एवढ्यांवर काठावरून लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) धरायचा आहे. व्हिडिओ पाहिले, पण सगळे बोटीतून आणि सोनार लावून धरतात, त्यामुळे काठावरच्या माणसाला फारसं काही हाती लागत नाही. वर्षभरात मासा कुठून कुठे सरकतो हे कोणी नीट सांगेल का? एकच रॉड घ्यायचा तर कोणता? मुलगा १० वर्षांचा आहे. शिवाय मार्चमध्ये सासू-सासरे पुण्याहून येताहेत आणि सासऱ्यांनाही गळ टाकायचाय. लायसन्स कोणाकोणाला लागेल?

तळवट
महिना बघू नका, पाण्याचं तापमान बघा. साधा थर्मामीटर दोरीला बांधून दोन फूट खोल सोडला तरी पुरे. आपल्याकडे फेब्रुवारीत एका आठवड्यात ७५ अंशांचं (इथे सगळे अंश फॅरनहाइट) ऊन पडतं आणि पुढच्याच आठवड्यात बर्फ. कॅलेंडर धरून गेलात तर फसाल.

पाणी ४५ ते ५० अंश असताना (जानेवारी आणि त्याच्या आगेमागे) बास जवळजवळ हलत नाही. तेव्हा पहाटे उठायचं कारण नाही. दुपारी दोन ते पाच या वेळात धरणाच्या भिंतीचं पिचिंग (उताराला लावलेले दगड) गाठा, कारण दगड तापतात आणि त्यांच्यालगतचं पाणी एखाद-दोन अंशांनी वर जातं. बासला तेवढा फरक पुरतो. पाण्यात अधांतरी थांबणारं जर्कबेट (लांबट माशासारखं कृत्रिम आमिष) घ्या, दोन झटके द्या आणि दहा ते वीस सेकंद काही करू नका. अगदी काही नाही. मासा त्या थांबण्यावरच येतो, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते: पाच सेकंदांत हात शिवशिवतो.

५० ते ६० अंश म्हणजे वर्षातला उत्तम काळ, साधारण फेब्रुवारीअखेर ते मार्च. माद्या विणीआधी खायला उथळावर येतात. तलावाचा उत्तर काठ आधी तापतो, कारण उत्तरेचा गार वारा तिथे अडतो आणि दक्षिणेचं तिरपं ऊन दिवसभर लागतं. त्या काठावर ओढ्याचं तोंड असेल आणि पाण्याखाली गवत असेल तर अर्ध्या औंसाचं लाल लिपलेस क्रँकबेट (पुढे जीभ नसलेलं, माशाच्या आकाराचं टणक आमिष) टाका. गवताला अडकलं की झटक्याने सोडवा. ते सुटतं त्याच क्षणी धडक बसते. टेक्सासात या दिवसांत लाल रंग का चालतो, तर क्रेफिश (बास खातो तो झिंग्यासारखा प्राणी), हे त्याचं नेहमीचं उत्तर.

६० च्या वर पाणी गेलं की वीण, मार्चअखेर ते एप्रिल. एक ते चार फूट पाण्यात ताटाएवढे स्वच्छ गोल खळगे दिसतात, तीच घरटी. नर राखण करतो.

मे महिन्यात पहाटे शॅड मासे (बासचं खाद्य) दगडांवर अंडी घालायला थव्याने येतात. पिचिंगला समांतर, काठापासून तीन-चार फुटांवरून, ३/८ औंसाचा पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) ओढा. सूर्य वर आल्यावर तासाभरात सगळं थंडावतं, म्हणून उजाडायच्या आत तिथे हजर असायला हवं.

जून ते सप्टेंबर हा काठावरच्या माणसाचा कठीण काळ. पाण्याचे थर पडतात. पंधरा ते पंचवीस फुटांच्या दरम्यान कुठेतरी गार थर सुरू होतो आणि त्याखाली प्राणवायू फार कमी असतो. मोठे मासे त्या थराच्या वर, भर पाण्यातल्या उंचवट्यांवर असतात. तिथवर तुमचा गळ पोचत नाही. पहिला आणि शेवटचा तास पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारं आमिष) टाका, नाहीतर रात्री काळं दहा इंची प्लास्टिकचं गांडूळ. दुपारी घरी थांबलेलं बरं.

ऑक्टोबरमध्ये पाणी ७५ च्या खाली आलं की शॅड ओढ्यांच्या टोकांकडे निघतात आणि बास त्यांच्या मागोमाग. ओढ्याच्या आतल्या टोकाला, दोन-तीन फूट पाण्यात स्क्वेअरबिल (चौकोनी जिभेचं क्रँकबेट) बुडीत झाडांच्या बुंध्यावर मुद्दाम आपटत आणा. बुंध्याला न लागता आलेली फेक वाया गेली असं समजा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती पाण्याच्या पातळीची. रे रॉबर्ट्सची नेहमीची पातळी ६३२.५ फूट, लुइसव्हिलची ५२२. निघायच्या आधी आजची पातळी नेटवर बघा. पाणी चढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या झुडपांत, पार काठाला येतो. उतरत असेल तर तो काठ सोडून पहिल्या खोल कडेला जाऊन थांबतो. पाणी उतरताना झुडपांत गळ टाकत बसलात तर दिवस फुकट.

नियमावली
लायसन्सचं सांगते. टेक्सासात १७ वर्षांखालच्यांना लागत नाही, मुलगा सुटला. तुम्हाला रहिवाशाचं फ्रेशवॉटर पॅकेज ३० डॉलरचं. ते येत्या ३१ ऑगस्टला संपतं, मग घेतलं कधीही असो. उन्हाळ्यात घेणार असाल तर खरेदीपासून वर्षभर चालणारा प्रकारही आहे, तो बघा.

सासऱ्यांना राज्याबाहेरच्याचं लायसन्स घ्यावं लागेल. पण राज्य उद्यानाच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून मासेमारी करायला कोणालाच लायसन्स लागत नाही, फक्त प्रवेश फी. रे रॉबर्ट्सवर आयल डु बॉइस आणि जॉन्सन ब्रँच हे दोन्ही भाग राज्य उद्यानात येतात. त्यांना तिथेच न्या. वसंतातल्या शनिवार-रविवारी उद्यान भरून दारं बंद होतात, तेव्हा दिवसाचा पास आधी ऑनलाइन काढून ठेवा. शिवाय जूनचा पहिला शनिवार राज्यभर बिनलायसन्सचा असतो, तोपर्यंत ते इथे असले तर तोही साधा.

लार्जमाउथ किमान १४ इंच आणि दिवसाला पाच. मोजताना मासा पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, शेपटीची दोन टोकं चिमटीत एकत्र. पावणेचौदा म्हणजे चौदा नाही. शहराच्या छोट्या तळ्यांवर एका माणसाला दोनच रॉड. पुढेमागे पूर्वेला लेक फोर्कवर गेलात तर तिथला नियम वेगळा आहे: १६ ते २४ इंचांतला प्रत्येक बास परत सोडायचा आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो. राज्याचा विक्रमी १८.१८ पौंडांचा बास १९९२ च्या जानेवारीत तिथलाच.

सोसायटीच्या तळ्यावर मात्र परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नका. ती खासगी जागा असते, राज्याचं लायसन्स तिथे शिरायची परवानगी देत नाही.

गरी_आणि_गाठ
एकच रॉड घ्यायचा तर सात फुटी, मीडियम पॉवर (मध्यम ताकदीचा), फास्ट टिप (टोकाशीच वाकणारा) स्पिनिंग (रीळ खाली लटकणारा) आणि २५०० मापाचं रीळ. बेटकास्टर (रीळ वर बसणारा प्रकार) नंतर घ्या. वाऱ्यात हलकं आमिष फेकताना त्याचा गुंता सोडवण्यातच सकाळ जाते, आणि आपल्याकडे वसंतात दक्षिणेचा वारा ठरलेलाच.

रिळावर १० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) भरा, पण त्याच्या आधी दहा-बारा वेढे साध्या मोनोचे (एकपदरी नायलॉन दोऱ्याचे). हे टाळलं तर गुळगुळीत स्पूलवर अख्खा ब्रेड गरागरा फिरतो आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) कितीही आवळा, मासा दोरा नेतच राहतो. ब्रेडपुढे १० पौंडी फ्लुओरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोऱ्याचा) सहा-आठ फुटी लीडर (पुढचा तुकडा), डबल युनी गाठीने. गाठ ओढण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी ओढली की फ्लुओरोकार्बन घासून तापतं आणि तिथेच तुटतं. गरीला पालोमार गाठ.

आमिषं दोनच घ्या. पहिलं, पाच इंची सेन्को (मऊ प्लास्टिकची कांडी). मधोमध रबरी कडी, कडीखाली १ नंबरची गरी, शिसं नाही. फेकायचं आणि दोरा ढिला सोडून ते आपोआप थरथरत तळाला जाऊ द्यायचं. ताणून धरलं तर ते झोक्यासारखं तुमच्याकडे येतं, थरथर बंद, मासाही बंद.

दुसरं, टेक्सास रिग. ३/० ची ऑफसेट गरी (डोळ्याजवळ बाक असलेली), ३/१६ औंसाची शिशाची गोळी (टोक रॉडकडे), सहा-सात इंची प्लास्टिकचं गांडूळ. गरीचं टोक गांडुळाच्या डोक्यात पाव इंच घुसवून पोटाकडून बाहेर काढा, गरी डोळ्यापर्यंत (दोरा बांधायच्या भोकापर्यंत) सरकवा, अर्धी फिरवा. आता गांडूळ गरीवर लोंबतं सोडा. गरीचा बाक शरीराला जिथे टेकतो, तिथेच नखाने खूण करा आणि त्याच जागी टोक आरपार न्या. शेवटी पाठीची कातडी किंचित पुढे ओढून टोक तिच्याखाली लपवा. खूण न करता अंदाजाने टोचलं की गांडूळ चुरगळतं किंवा ताणलं जातं. मग ते पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि दोऱ्याला पीळ बसतो. रॉडवर लोंबतं धरून बघा: बाणासारखं सरळ दिसलं तरच फेका.

बाकीची आमिषं तळवटांनी सांगितलेल्या मोसमांनुसार एकेक वाढवा.

फ्रिस्कोकर
खूप आभार! रॉड आणि रीळ घेतलं, दोन-तीनदा जाऊनही आलो. तीन अडचणी येताहेत. पिचिंगवर दर चौथ्या फेकीला गोळी अडकते. टकटक लागतं, झटका दिला की रिकामं येतं, शेपटी तेवढी तुटलेली. आणि अर्ध्या तासात दोऱ्याला पीळ.

गरी_आणि_गाठ
टक-टक-टक असं भराभर लागून शेपटीच तुटते तेव्हा ते ब्लूगिल (छोटे मासे) असतात. झटका द्यायचा नाही, जागा बदलायची. बासचा ठोका एकच, किंवा ठोकाच नाही: दोरा नुसता आडवा चालू लागतो, नाहीतर गोळी तळाला पोचायच्या आधीच तो ढिला पडतो. म्हणून नजर दोरा पाण्यात शिरतो त्या बिंदूवर ठेवायची. खात्री पटली की रॉड खाली नेत ढील गुंडाळा, ताण लागला की मग वर खेचा. ढिल्या दोऱ्यावर झटका दिला तर तो ढिलाईतच विरतो. गरीचं टोक प्लास्टिकमध्ये फार खोल रुतलं असेल तरी असंच होतं.

अडकण्याचं म्हणाल तर पिचिंगवर ३/१६ ऐवजी १/८ औंस लावा, रॉड उंच धरा आणि काठाला समांतर फेका. सरळ आत फेकून परत ओढताना गोळी प्रत्येक फटीत उतरते. अडकलीच तर हिसके देऊ नका, तेवढ्याने ती आणखी पाचर होते. काठाने चालत पलीकडे जा आणि उलट बाजूने ओढा. तरी नाही तर रॉड आणि हाताच्या मध्ये दोरा धनुष्यासारखा ताणून पटकन सोडा, बऱ्याचदा गोळी मागे उडते.

एक महत्त्वाचं: या तलावांत झेब्रा शिंपले आहेत, दगडादगडाला चिकटलेले आणि ब्लेडसारखे. दर दहा-पंधरा फेकींनी लीडरचे शेवटचे दोन फूट बोटांतून ओढून बघा. खरखर लागली की कापून नवी गाठ. मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा या आळसापायी.

पिळाला उपाय असा: फेकीनंतर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने मिटा, हँडल फिरवून नाही. मासा ड्रॅग नेत असताना हँडल फिरवू नका. झालेला पीळ काढायला सगळी आमिषं सोडून नुसता दोरा वाऱ्यावर पाण्यात पन्नास-साठ यार्ड जाऊ द्या आणि दोन बोटांच्या चिमटीतून हळू गुंडाळा.

काठचा_वड
एप्रिलमध्ये घरट्यावर बसलेला बास दिसला तर सोडून द्या, असं माझं कळकळीचं मत. इथे बंदीचा मोसम नाही, कायदा अडवत नाही. पण नर दोन मिनिटं जरी उचलला तरी आजूबाजूचे ब्लूगिल तेवढ्यात अंड्यांवर तुटून पडतात.

तळवट
@काठचा_वड, मोठ्या तलावात त्याचा मासळीच्या संख्येवर फार परिणाम होत नाही असं मानणारेही पुष्कळ आहेत. मात्र शहराच्या एक-दोन एकरांच्या तळ्याला तुमचं म्हणणं पूर्ण लागू आहे. तिथे मीही घरट्यावर टाकत नाही.

मासळीबाजार
सासऱ्यांना ताटातला मासा हवा असेल तर बासच्या मागे लागू नका. मार्चच्या सुरुवातीला सँड बास, म्हणजे व्हाइट बास, विणीसाठी तलावातून नदी-ओढ्यांत वर चढतो. १० इंचांपासून पुढे दिवसाला २५ ठेवता येतात. १/८ औंसाची पांढरी जिग (डोक्याशी शिसं असलेली गरी), मधल्या प्रवाहात. लगेच बर्फात घाला, आणि साफ करताना बाजूने गेलेला तांबडा पट्टा काढून टाका, उग्र वास त्याचाच. मग हळद, तिखट, आगळ, मीठ लावून अर्धा तास, रव्यात घोळवून तवा.

नियमावली
आणि मुलासाठी: सगळ्या गऱ्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करा. गरी बोटात शिरली तरी सहज निघते आणि माशाचंही कमी फाटतं. बास खालच्या जबड्याला धरून उभा लोंबवायचा, किंवा आडवा धरायचा तर पोटाखाली दुसरा ओला हात. एका हाताने जबड्यावरून आडवा तोलला की जबडा निखळतो, आणि असा मासा सोडला तरी त्याला पुढे नीट खाता येत नाही. जुलै-ऑगस्टात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा फोटोची तयारी करून मगच मासा पाण्याबाहेर काढा. काठावर बसण्याआधी गवतात लाल मुंग्यांची वारुळं बघा, आणि गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून गाडीत. ग्रॅफाइटचा रॉड म्हणजे हातात धरलेली विजेची तार आहे.