अनुभव धागा: बाथरूम फोडायचंय, आधी काय चुकलं ते सांगा

पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत चाळीसेक वर्षांची. खालच्या काकूंच्या छताला ओल येते. लाद्यांचे सांधे भरून दोन पावसाळे काढले, आता पूर्ण फोडायचं ठरलंय. बाथरूम एकच, आई ७६ वर्षांची. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी लिहा. लाद्यांचे फोटो मात्र नकोत, ते दुकानवाला रोज पाठवतोय.

मुलुंडकर
लाद्या निवडण्यात आम्ही तीन रविवार घालवले आणि पाणी भरून वॉटरप्रूफिंग तपासायला तीन दिवस द्यायचं जिवावर आलं. मिस्त्री म्हणाला, "साब, एक रात पानी रखा, बहुत है." आम्ही मान डोलावली. दीड महिन्यात खालचे जोशीबुवा (नाव बदललंय, राग तोच) फोन करकरून थकले. सगळं परत फोडलं. गळत होतं कुठे, तर नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालचं, पाणी जायचं भांडं) मानेशी, जिथे तो जुन्या बिडाच्या पाइपला जोडला होता. कोबा (लादीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर) चांगलाच होता.

दुसऱ्या वेळी ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबला, चार इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. ४८ तास तरी पाणी ठेवाच, ७२ ठेवलंत तर उत्तम. रेघेपासून थोडं पाणी उन्हाळ्यात आपोआपही उतरतं, म्हणून फक्त रेघेवर विसंबू नका, खाली जाऊन छताला हात लावून या. हे सगळं लाद्या बसवायच्या आधी. आणि फोडलंच आहे तर जुने जीआयचे (लोखंडी) पाइप आत ठेवू नका, सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाका. भिंत बंद करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढे हँगरसाठी ड्रिल मारताना पाइपच फुटतो.

गोरेगाव पूर्व
कमोड सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून आधीच घेतला. तो निघाला एस ट्रॅपचा, म्हणजे आउटलेट खाली जमिनीत. आमचं आउटलेट भिंतीत, पी ट्रॅपवालं. तो अजून गॅलरीत आहे, बायको त्यात पुदिना लावूया म्हणते. जमिनीतलं आउटलेट असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि तेही लादी लागल्यावरचं. प्लास्टर आणि लादीत इंच-दीड इंच सहज जातो.

दादरकर
सोसायटीला पत्र आधी द्या. आमच्याकडे डिपॉझिट, काम १० ते ६, रविवार बंद, आणि रॅबिटच्या (फोडकामाच्या राड्याच्या) गोण्या लिफ्टमधून न्यायला बंदी. बिगारी गोणीमागे आणि मजल्यामागे पैसे घेतो, हे अंदाजपत्रकात कोणीच धरत नाही. ती गोणी रात्री कोपऱ्यावर टाकून येणाऱ्यांना मी ओळखतो, तसं करू नका. महापालिकेची पैसे भरून डेब्रिज उचलायची सोय आहे. आणि हो, उपविधींप्रमाणे तुमच्या संडास-बाथरूममधली गळती तुमच्याच खर्चाने, सोसायटीकडे बोट दाखवू नका.

बोरिवली
आई आहे म्हणून लिहिते. बाबांचा तोल गेला तेव्हा त्यांनी टॉवेलचा रॉड धरला. रॉड स्क्रूसकट हातात आला. दोन लाद्या फुटल्या, बाबांच्या मनगटाला प्लास्टर. आधाराची दांडी पक्क्या भिंतीतच बसवा आणि जागा लाद्या लावण्यापूर्वी ठरवा. त्यांना कमोडवर आणि स्टुलावर प्रत्यक्ष बसवून हात कुठे जातो ते बघा. लाद्या मॅट. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी, दारही शक्यतो बाहेर उघडणारं. गॅस गीझर असेल तर बाथरूमच्या आत अजिबात नको.

लालबाग
आमच्याकडे बाथरूम नाही, मोरी आहे, तीन बाय तीन. तरी सांगतो. लाद्या ओल्या असतानाच कोपऱ्यात गोटी सोडून बघा. जाळीकडे गेली तर उतार बरोबर. आमची गोटी दाराकडे गेली. मिस्त्री म्हणाला, "सेट हो जाएगा." चार वर्षं झाली, दाराशी फडकं आहे.

पार्ले (मीच)
पेन्सिल, गोटी दोन्ही घेऊन ठेवल्या. पण पंधरा दिवस आंघोळ कुठे करायची, हे कुणीच लिहिलं नाही. काल खालच्या काकूच म्हणाल्या, "आमच्याकडे या सगळे. छताकडे बघत बघत आंघोळ करा, म्हणजे आम्ही काय बघतो ते कळेल." आई आठ वाजता, मी साडेआठला, असं ठरलंय.