डोंगरावरची वाडी: रस्ता वर न्यायचा की माणसं खाली आणायची?

कातळवाट
दर पावसाळ्यात कुठेतरी दरड पडते आणि तोच सल्ला ऐकू येतो: "या लोकांना खाली आणा." पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळ्यांच्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. माझा या सल्ल्याला स्पष्ट विरोध आहे.

वाडी 38 घरांची. गाडीरस्ता संपला की दीड तासाची चढण. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. हातात रोख पैसा येतो तो हिरड्याचा. पावसाआधी बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायचा, अंगणात वाळवायचा आणि डोक्यावरून खाली न्यायचा. निसर्ग वादळात, जून 2020 मध्ये, हिरड्याची झाडं मोडली तेव्हा वर्षाची मिळकत गेली. खाली सपाटीला तीन गुंठ्यांत घर बांधून दिलंत, तरी हिरडा कुठून देणार?

लोक मरतात ते डोंगरामुळे नाही, वाट नसल्यामुळे. श्रावणात एका बाईला कळा सुरू झाल्या. घोंगडीची झोळी बांबूला बांधून आठ जण आळीपाळीने खांदा देत उतरले. अर्ध्या वाटेतच ती बाळंत झाली. बाई वाचली, बाळ गेलं. मी पुढे बॅटरी धरून चालत होतो.

रस्ता का होत नाही? पंतप्रधान ग्रामसडक योजनेत डोंगरी आणि आदिवासी भागासाठी 250 लोकवस्तीची अट आहे. वाडीत दोनशेही माणूस नाही. वनजमिनीचं कारणही दिलं जातं. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. साडेतीन मीटर रुंदी धरली तर पावणेतीन किलोमीटर रस्ता त्यात बसतो. आमच्या वाडीला तेवढा पुरला असता.

पायथ्याचा
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी मी मदतीला चढलो होतो. जेसीबी वर येऊ शकत नव्हता. टिकाव, फावडी, घमेली एवढ्यावर काम चाललं होतं, वर पाऊस आणि धुकं. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं मिळालीच नाहीत, 23 तारखेला शोध थांबवावा लागला.

रस्ता असता तर यंत्र लवकर पोचलं असतं, हे खरं. पण माणसं झोपेत गाडली गेली. त्यांना रस्त्याने वाचवलं नसतं, फक्त वेगळ्या जागेने वाचवलं असतं. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्याची सोय नाही.

आणि रस्ता म्हणजे काय, तेही बघा. पोकलेन लावून उताराचा पाय कापतात आणि निघालेला राडारोडा खालच्या अंगाला ढकलतात. गटार नीट काढत नाहीत, मग पाणी कापलेल्या तोंडातून आत मुरतं. झोळी बंद करायला म्हणून आणलेला रस्ताच वाडीच्या मुळावर येऊ शकतो.

घाटमाथा_पुणे
कटू वाटेल, पण 38 घरांसाठी कोट्यवधींचा रस्ता, वीज, पाणी, शाळा हे सरकारला परवडणारं नाही. तेवढ्या पैशात खाली चांगली वसाहत होते.

कातळवाट
@घाटमाथा_पुणे, हा हिशेब अर्धा आहे. त्या डोंगरावर पडलेला पाऊस डिंभे धरणात साठतो आणि कुकडी प्रकल्पातून शिरूर, पारनेर, कर्जतपर्यंत जातो. खालचा ऊस त्यावर उभा आहे. धरणाच्या फुगवट्यात खालची खाचरं गेली, म्हणून काही वस्त्या अजून वर सरकल्या. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभं राहिलं, त्यांच्या घागरीला चैत्रात पाणी नाही. त्यांना परवडण्याची भाषा ऐकवू नये.

@पायथ्याचा, तुम्ही जे पाहिलंत त्यापुढे वाद घालायचा नाही. एवढंच म्हणतो की जागा बदलणं वेगळं आणि डोंगर सोडायला लावणं वेगळं. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, 151 माणसं गेली. नवं माळीण जवळच, आमडे इथे वसवलं. जवळ वसवलं म्हणून लोक आपल्या शेताशी राहिले. पण 2017 च्या पहिल्याच पावसात तिथला भराव खचला. सुरक्षित म्हणून दिलेली जागासुद्धा नीट पारखावी लागते.

पायथ्याचा
माळीणच्या वेळी यंत्राने केलेल्या पडकईकडे बोट दाखवलं गेलं, हेही लिहा.

कातळवाट
लिहितो. पण पडकई म्हणजे मुळात गावकीने एकमेकांच्या रानात राबून दगडी बांध घालणं. हाताने रचलेल्या तालीला पाणी वाहून जायला जागा असते. यंत्राने एका दमात उतार उकरणं ही वेगळी गोष्ट. दोन्हींना एकच नाव देऊन जुन्या रीतीला बदनाम करू नये.

माळावरची
गुरुजी, मी अशाच वाडीतली. लग्न करून अकरा वर्षं डोंगरावर काढली, आता चाकणला राहते. तुम्ही हिरडा सांगितला, खाचरं सांगितली. हंडे नाही सांगितले. एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर वाटीने पाणी भरायचं, एका हंड्याला तास लागायचा. रात्री नंबर लावून बसायचो. सरपण आणायचं ते वेगळंच. घराची जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, नंतर दिरांच्या. माझ्या नावावर फक्त वाट होती.

आमच्या वाडीत आता मुलगी द्यायला कोणी तयार नाही. तीस-बत्तीसचे पोरगे बसून आहेत. डोंगर सोडवत नाही असं बाप्ये म्हणतात. बायांना वेगळं बसवून विचारलंय का कोणी? मी खाली आले म्हणून माझी मुलगी बारावीला आहे. वर राहिले असते तर चौथीनंतर आश्रमशाळा, नाहीतर घर.

पण खरं तेही सांगते. इथे खोलीचं भाडं भरायला दोघांना कंपनीत जावं लागतं, आणि सासूबाई खाली आल्यापासून आजारीच आहेत. मला परत जायचं नाही. त्यांना जायचंय.

कातळवाट
ताई, तुमचं बोलणं मनाला लागलं. बायांना वेगळं बसवून मी कधी विचारलं नाही.

सातबारा
एक कायद्याचा मुद्दा. ही वाडी अनुसूचित क्षेत्रात असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र पेसा नियमांनुसार (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) वाडी किंवा पाडा स्वतंत्र गाव म्हणून ठराव करू शकतो. मग वाडीची स्वतःची ग्रामसभा होते. सध्या मोठ्या गावठाणाच्या सभेत वाडीची चार माणसं मागे उभी राहतात, आणि बायका तर पोचतच नाहीत. जायचं की राहायचं हे तिथे वाडीने स्वतः ठरवावं. ताई म्हणतात तशी आधी महिलांची सभा घ्यावी.

पायथ्याचा
सातबारा यांच्याशी सहमत, पण ठराव होईतो दोन पावसाळे जातील. गुरुजी, मला तुमच्या वाडीचं आत्ताचं सांगा. वरच्या अंगाला जमिनीत भेग आहे का? झरा अचानक गढूळ झालाय किंवा आटलाय का? झाडं, विजेचे खांब कलले आहेत का? दारं चौकटीत अडकू लागली आहेत का?

कातळवाट
काल रात्री वाडीवर फोन लावला. दारं, खांब ठीक आहेत. झऱ्याच्या वर, गुरं चरतात त्या टेपाडावर भेग आहे. गेल्या भादव्यात पडली. गुरांचा पाय अडकू नये म्हणून माती टाकून बुजवली होती, ती माती आता आत गेलीय.

पायथ्याचा
पुन्हा बुजवू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या खुंट्या ठोका, मधलं अंतर दोरीने मोजून गाठ मारून ठेवा. पाऊस सुरू झाला की रोज सकाळी मोजायचं. तहसीलदारांना आजच लेखी कळवा, फोटोसह. पोच घ्या. अंतर वाढलं तर त्याच दिवशी सगळ्यांना शाळेत न्या. शाळा त्या टेपाडाच्या खाली तर नाही ना?

कातळवाट
त्याच टेपाडाच्या खाली आहे. रविवारी मी वर जातोय.

माळावरची
गुरुजी, मीही येते.