जुन्या लॅपटॉपला एसएसडी: पोर्ट साटा-२ असेल तर उपयोग होईल का?

प्रश्न

नमस्कार. माझा लॅपटॉप २०११ सालचा असून त्यात इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची ५०० जीबी हार्ड डिस्क आहे. काम मुख्यतः मुद्रितशोधनाचे, म्हणजे एका वेळी दोन-तीन मोठ्या फाइली आणि ब्राउझर उघडा असतो. सुरू केल्यावर लॅपटॉप हाताशी यायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘ट्रान्सफर मोड’समोर दोन्ही बाजूंना साटा/३०० असे दिसते, म्हणजे पोर्ट साटा-२ (डिस्क जोडण्याच्या साटा पद्धतीची जुनी, साटा-३च्या निम्म्या वेगाची आवृत्ती) आहे असे मी धरून चाललो आहे. तसे असेल तर साटा-३ची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) निम्म्याच वेगाने चालणार. मग ती घेण्यात अर्थ आहे का? एका परिचितांनी एनव्हीएमई (साटाहून वेगवान, वेगळ्या जोडणीची) एसएसडी घेऊन ती अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवावी असे सुचवले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी ‘साटा/३००’बद्दल. त्या ओळीतला पहिला आकडा सध्याच्या जोडणीचा वेग सांगतो आणि दुसरा त्या डिस्कची कमाल क्षमता. तुमची हार्ड डिस्कच साटा-२ असल्यामुळे पोर्ट साटा-३ असला तरी तिथे ३००च दिसेल. इंटेलच्या त्या पिढीच्या चिपसेटमध्ये ६ गिगाबिटचे, म्हणजे साटा-३चे, दोन पोर्ट असत, त्यामुळे तुमचा पोर्ट साटा-३ असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र तो साटा-२ निघाला तरी निर्णय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण तुमचा लॅपटॉप अडतो तो सलग वाचनाच्या वेगापाशी नव्हे. ५४०० आरपीएमच्या तबकडीला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी साडेपाच, आणि हेड योग्य ट्रॅकवर न्यायला त्याहून अधिक. अशा रीतीने दर वाचनामागे पंधराएक मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनेच होतात. आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली डिस्कवर विखुरलेल्या जागांवरून उचलत असते. तो अखंड पेटलेला दिवा याचाच. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते. साटा-२मुळे सलग वेग सेकंदाला ५५०ऐवजी २७० एमबीच्या घरात राहील, पण तो फरक तुम्हाला मोठी फाइल दुसऱ्या तितक्याच वेगवान डिस्कवर हलवतानाच जाणवेल.

एनव्हीएमईचा विचार मात्र सोडून द्यावा. २.५ इंची साटा जागेत बसणारे साधे एम.२ (लहान पट्टीच्या आकाराच्या एसएसडीचे) अ‍ॅडॉप्टर फक्त साटा प्रकारची एम.२ एसएसडी चालवतात. एनव्हीएमई त्यात बसवली तर ओळखलीच जात नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. खरेदीबाबत थोडी भर घालतो. साटा एसएसडी घेताना वेष्टनावरच्या वेगाकडे पाहू नये, कारण तो जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो. पाहायचे ते दोन गोष्टींकडे: आत डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) आहे का, आणि चिप टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट, म्हणून लिहायला संथ). डीरॅम नसलेल्या एनव्हीएमईला निदान संगणकाच्या रॅमचा थोडा भाग वापरता येतो, साटाला ती सोय नाही. मी स्वतः एकदा केवळ क्षमता जास्त मिळते म्हणून क्यूएलसीची डिस्क घेतली. पहिल्याच दिवशी छायाचित्रांचा संग्रह तिच्यावर उतरवायला घेतला, आणि नवे लेखन आधी झेलणारी आतली छोटी वेगवान जागा भरताच लेखनाचा वेग माझ्या जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरला.

टिकाऊपणाची काळजी मात्र करू नये. ५०० जीबीच्या काही चांगल्या टीएलसी डिस्कना ३०० टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण ३०० टेराबाइट लिहिण्याची, हमी असते. रोज ३० जीबी लिहिले तरी तिथवर पोचायला सत्तावीस वर्षे लागतील.

एक विनंती: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘हेल्थ स्टेटस’ काय दाखवते तेही कळवावे. पाच-सहा मिनिटे हा वेळ मला निव्वळ जुनेपणाचा वाटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हेल्थ स्टेटस पिवळा आहे. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ ८ आहे. २.५ इंची, डीरॅम असलेली टीएलसी एसएसडी घ्यायचे ठरवतो. जुन्या डिस्कचे क्लोन (हुबेहूब प्रत) करावे का?

प्रतिसाद २

करू नये. पेंडिंग म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचता आले नाहीत ते. क्लोन करताना संपूर्ण डिस्क एका दमात वाचली जाते, आणि आजारी डिस्कवर तेवढा ताण टाकणे धोक्याचे आहे. शिवाय न वाचता आलेल्या फाइली तशाच अपुऱ्या नव्या डिस्कवर जातील. आजच, एसएसडी येण्याची वाट न पाहता, कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्यातल्या काही उघडून पाहाव्यात. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावी. जुनी डिस्क फॉरमॅट न करता काही महिने बाजूला ठेवावी.

प्रतिसाद १

नव्याने विंडोज टाकण्यापूर्वी बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ (डिस्कशी संवादाची नवी पद्धत) आहे ना, हे जरूर पाहावे. जुन्या लॅपटॉपवर तो कधी कधी ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर असतो आणि विंडोज टाकल्यानंतर बदलला तर ती सुरूच होत नाही. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड असेल आणि एसएसडी ७ मिमीची, तर ती कप्प्यात सैल बसते. काही एसएसडींसोबत येणारी प्लॅस्टिकची चौकट लावावी. रॅमचा एक स्लॉट रिकामा असेल तर त्याच वेळी ८ जीबी करून घ्यावी, म्हणजे विंडोजला पेजिंग (रॅममध्ये न मावलेला डेटा डिस्कवर ठेवणे) कमी करावे लागेल. सारे झाल्यावर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ही खिडकी उघडून डिस्कसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेले आहे याची खात्री करावी. तिथे ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ दिसल्यास इथे कळवावे.